भिंतीवरचं नॉर्मल

मास्तरांचं हृदय भिंतीवर टांगलेलं होतं. लॅमिनेट करून, चार कोपऱ्यांत चार खिळे ठोकून, कुणाच्या डोक्याला लागू नये इतकं वर आणि कुणाच्या नजरेतून सुटू नये इतकं खाली. त्याच्याखाली ठळक अक्षरांत एकच शब्द छापला होता : नॉर्मल.

मास्तर म्हणजे काही शाळामास्तर नव्हेत. हृदयाच्या पट्ट्या मोजणाऱ्या खोलीचे ते मुख्य. औषध कंपन्या नवं औषध काढतात, ते आधी धडधाकट माणसांना देऊन बघतात, आणि त्या माणसांच्या छातीला वायरी लावून काढलेल्या पट्ट्या या खोलीत येतात. प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुढच्या ठोक्यासाठी स्वतःला पुन्हा भरून घेतं, विजेच्या भाषेत बोलायचं तर. काही औषधांनी हा भरून घ्यायचा वेळ लांबतो. थोडा लांबला तर माणसाला पत्ताही लागत नाही. फार लांबला तर हृदय एखाद्या दिवशी ठोका द्यायचं सोडून नुसतं फडफडायला लागतं, आणि माणूस चहाचा कप हातात धरून आडवा होतो. तो आडवा व्हायच्या आधी ओळखायचं, हे या खोलीचं पोटापाण्याचं काम.

काम ऐकायला भारदस्त, पण करायला सोपं वाटे. पट्टीवर ठोक्याचं उंच टोक दिसतं, त्यानंतर एक गोलसर टेकडी येते. टोक जिथे सुरू होतं तिथपासून टेकडी संपते तिथपर्यंत मोजायचं. बस. गोम एवढीच की टेकडी नेमकी संपते कुठे यावर एकमत होत नाही. ती पाहुण्यासारखी असते. निघतो निघतो म्हणत उठते आणि दारात बोलत उभी राहते. ती गेली असं कधी धरायचं?

यावर मास्तरांनी तोडगा काढला होता, आणि तोच भिंतीवर होता. खोली नवी उघडली तेव्हा यंत्र चालतं का हे बघायला कुणीतरी झोपायला हवं होतं. बाकीचे लाजले, मास्तरांनी शर्ट काढला. पट्टी अशी सुबक निघाली की त्यांनी तिथेच जाहीर केलं, ‘‘हे बघून शिका.’’ त्या पट्टीवर मोठ्या टेकडीनंतर जरासा खड्डा होता आणि त्यापुढे आणखी एक छोटा उंचवटा. खोलीत त्या खड्ड्याचं नाव पडलं ‘मास्तरांची खळी’. नियम असा, की खळी आली की रेघ मारायची. पुढचा उंचवटा वेगळा, बऱ्याच जणांत असतो, निरुपद्रवी असतो, तो धरायचा नाही. नव्याने आलेला प्रत्येक जण या पट्टीवर रेघ मारायला शिकला, आणि शिकून गेलेला प्रत्येक जण दुसरीकडे जाऊन तशीच रेघ मारत राहिला. एखाद्या घराण्याची गाण्याची ढब असते ना, तशी यांची रेघ मारायची ढब होती.

त्या दिवशी सकाळी मास्तर खुर्चीत टेकतात न टेकतात तोच घरून फोन आला. मास्तरीणबाईंचा.

‘‘अहो, डॉक्टर येऊन गेले. खोकल्यावर अँटिबायोटिक दिलंय आणि उलटीवर वेगळी गोळी.’’

मास्तरांची एकुलती एक लेक पंधरवड्यापूर्वी बाळंत झाली होती. जावई कामानिमित्त परगावी, म्हणून ती आणि तिची छोटी यांच्याकडेच होत्या. दोन दिवस लेकीला ताप, खोकला, आणि काही म्हणजे काही पोटात ठरत नव्हतं.

‘‘मग दे की,’’ मास्तर म्हणाले.

‘‘पाकिटातल्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलंय, घरात कुणाला हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना सांगा. मला चष्मा लावून वाचावं लागलं. आहे का हो आपल्यात कुणाला?’’

मास्तर इतक्या मोठ्याने हसले की शेजारच्या टेबलावरची बाई दचकली. ‘‘आपल्यात? अगं, माझं भिंतीवर लावलंय!’’

‘‘तुमची भिंत राहू दे. दोन्ही गोळ्या एकदम देऊ का?’’

आता इथे मास्तरांना खरी माहिती होती, हे त्यांच्या खात्यावर जमा धरलं पाहिजे. या दोन्ही औषधांनी तो वेळ जरासा ताणला जातो हे त्यांना ठाऊक होतं. दोन्ही एकदम घेतली तर आणखी जरा. पण चांगल्या कापडाची बाही थोडी ओढली म्हणून उसवत नाही, आणि आपलं कापड कसं आहे हे तर समोर टांगलेलंच होतं.

‘‘दे बिनधास्त,’’ ते म्हणाले, ‘‘आणि उलटीची लागली तर परत दे.’’

फोन ठेवून ते तयारीला लागले, कारण आज गंमत होती. एका प्रोग्रामची परीक्षा होती.

हा प्रोग्राम पट्टी मोजत नसे, भविष्य सांगे. औषध द्यायच्या आधीची पट्टी त्याला दाखवायची, की हे औषध घेतल्यावर या माणसाचं हृदय बिघडेल की नाही ते तो सांगणार. खोलीने लगेच त्याचं नाव ‘ज्योतिषी’ ठेवलं. तो बनवणारी प्रोग्रामवाली पस्तिशीची, बोलायला कमी आणि पेनाचं टोपण चावायला जास्त. तिच्या टोपणाकडे बघून मास्तरांनी पहिल्याच भेटीत अंदाज बांधला होता, की ही हरली तर रडणार नाही, टोपण गिळेल.

परीक्षेची त्यांची पद्धत जुनी होती. अनोळखी पट्ट्यांच्या गठ्ठ्यात गुपचूप मास्तरांची पट्टी सरकवायची. कॉम्प्युटरमध्ये ती अख्खी होती, बारा बाजूंनी काढलेली. भिंतीवर फक्त एका बाजूची होती. जो या पट्टीला वाईट म्हणेल तो नापास, आणि त्याच्या नावाने सगळ्यांना चहा.

ज्योतिषी पट्ट्यांमागून पट्ट्या वाचत गेला. हिरवं, हिरवं, पिवळं, हिरवं. मग पडदा लाल झाला. ‘धोका फार. अशी औषधं देऊ नयेत.’

मास्तरांच्या शेजारी बसणारी बाई तोंडावर पदर धरून हसायला लागली. तिला सगळे ‘दुजोरा’ म्हणत. प्रत्येक पट्टी मास्तरांनी मोजली की तीच पट्टी तिने स्वतंत्रपणे पुन्हा मोजायची, हे तिचं काम, आणि इतक्या वर्षांत तिचं माप मास्तरांच्या मापापासून केसभरही हललं नव्हतं. मास्तर याचं श्रेय आपल्या शिकवण्याला देत.

‘‘आलं!’’ मास्तरांनी टाळी वाजवली. ‘‘चहा सांगा रे. ज्योतिषीबुवांनी मास्तरांना मारून टाकलं!’’

खोली खदखदली. कुणी म्हणालं, मास्तर, तेराव्याला आम्हाला बोलवा. कुणी म्हणालं, खुर्ची कुणाला लिहून दिलीत?

प्रोग्रामवाली हसली नाही. ‘‘ही पट्टी तुमची?’’

‘‘माझीच. ती बघा वर. वीस वर्षं नॉर्मल आहे.’’

ती उठून भिंतीपाशी गेली, नाक लॅमिनेशनला टेकेल इतकी जवळ. ‘‘रेघ इथे का मारलीय?’’

‘‘टेकडी तिथे संपते म्हणून.’’

‘‘आणि पुढचं हे?’’

‘‘ते वेगळं. असतं ते बऱ्याच जणांत. तुमच्या ज्योतिष्याला सांगा, उगाच ओळखीपाळखीच्या लोकांना घाबरवत जाऊ नकोस.’’

ती परत आली आणि तिने पडद्यावर बाराही बाजू एकाखाली एक लावल्या. टोपण तोंडातून काढून तिसऱ्या ओळीवर ठेवलं. ‘‘या बाजूने बघा. तुमची खळी दिसते का?’’

मास्तरांनी बघितलं. खळी नव्हती. तिथे एकच टेकडी होती, रुंद, आळसटलेली, उन्हात बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखी. जिथे भिंतीवर रेघ मारलेली होती, तिथे ही पाठ ऐन उंचीवर होती.

‘‘वेगळा उंचवटा असता तर याही बाजूने वेगळा दिसला असता,’’ ती म्हणाली. ‘‘दोन नाहीयेत मास्तर. एकच आहे. मधे नुसती दबलीय. आणि ती संपते इथे.’’ टोपण बरंच उजवीकडे सरकलं.

‘‘छे!’’ मास्तर म्हणाले. ‘‘विचारा हिला. हिनेही मोजलीय. सांग गं.’’

दुजोऱ्याने तोंडावरचा पदर खाली घेतला.

‘‘सांग की!’’

‘‘मास्तर...’’ तिने टेबलावरचा चहाचा डाग बोटाने पुसायला घेतला. ‘‘मला पहिल्यापासून वाटायचं की ती एकच आहे.’’

चहा सांगायला निघालेला दारातूनच मागे फिरला.

‘‘पहिल्यापासून म्हणजे?’’

‘‘लागले तेव्हापासून.’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘काय बोलणार होते? तुमचं होतं ना ते. खाली नॉर्मल लिहिलेलं. मला वाटलं माझ्याच नजरेत खोट आहे. मग मी नजर बदलली.’’

वीस वर्षांत तिने मास्तरांना दिलेला हा पहिला नकार, आणि तो असा उधारी एकरकमी चुकती केल्यासारखा आला. मास्तरांना तिच्यावर चिडायचं होतं, पण हात आधीच पट्टीकडे गेला होता. मोजायची सवय हाताला होती, डोक्याची परवानगी लागत नव्हती. टोकापासून सुरुवात, खळी ओलांडून पुढे, उंचवटा उतरून पुढे, आणखी पुढे. शेवटी जे माप आलं, तसं दुसऱ्या कुणाच्या पट्टीवर आलं असतं तर त्यांनी लाल पेनाने गोल करून ‘याला औषध देऊ नका’ असं वर कळवलं असतं.

ते हळूच खुर्चीत बसले.

‘‘मग मी इतकी वर्षं मेलो कसा नाही?’’ प्रश्न चेष्टेत विचारायचा होता, पण आवाज चेष्टेचा निघाला नाही.

‘‘औषधं कुठली घेता?’’

‘‘डोकं दुखलं तरी गोळी घेत नाही.’’ हाही त्यांचा मिरवायचा विषय होता. आज पहिल्यांदाच तो कुणी इतकं लक्ष देऊन ऐकत होतं.

‘‘म्हणून वाचलात. शिवाय पुरुषांना या प्रकारात जरा कमी धोका असतो. बायकांना जास्त. त्यातही बाळंत झाल्यावरच्या दिवसांत सगळ्यात जास्त. उलट्याजुलाब झाले तर अंगातले क्षार जातात, मग विचारूच नका...’’ ती पुस्तकातलं सांगत होती, पडद्याकडे बघत. मास्तरांचा चेहरा तिने पाहिलाच नव्हता.

‘‘हे मुलांत उतरतं?’’ मास्तरांनी विचारलं.

‘‘निम्म्या. म्हणजे नाणं उडवल्यासारखं.’’

एकुलत्या एका लेकीच्या बाबतीत निम्मी म्हणजे काय हिशेब होतो? दे बिनधास्त. हे शब्द त्यांनी याच खुर्चीत बसून, याच तोंडाने, अजून चहासुद्धा झाला नव्हता तेवढ्यात उच्चारले होते. आणि वर, उलटीची लागली तर परत दे.

त्यांनी फोन उचलून मास्तरीणबाईंचा नंबर लावला. पलीकडे रिंग वाजायला लागली.

‘‘घरी मुलगी आहे,’’ ते फोन कानाला धरून बोलले, एका दमात. ‘‘बाळंतीण आहे. तिला सकाळी दोन्ही औषधं दिलीत. मीच द्यायला सांगितली.’’

प्रोग्रामवालीचं टोपण खाली पडलं. ‘‘ती कधी बेशुद्ध पडलीय? लहानपणी?’’

‘‘नाही. म्हणजे तशी नाही. शाळेत असताना दोनदा पडली होती. एकदा पहाटे गजर झाला तेव्हा, एकदा कानाशी फोन वाजला तेव्हा. पण ती आहेच घाबरट. आम्ही तिला नाटकी म्हणायचो...’’

‘‘दचकून?’’ ती जवळजवळ ओरडली. ‘‘मास्तर, फोन बंद करा! आधी बंद करा!’’

मास्तरांना कळायला एक क्षण लागला. मास्तरीणबाईंना ऐकायला जरा कमी येई, म्हणून त्यांनी आपल्या फोनची रिंग सगळ्यात मोठी करून ठेवली होती. आणि लेक झोपली की तो फोन त्या तिच्याच उशाशी ठेवून स्वयंपाकघरात जात.

विस्तव हातात यावा तसा मास्तरांनी फोन टाकून दिला. तो टेबलावरून घरंगळून खाली पडला. बंद केला का वाजतोय अजून, हेही कुणाला समजेना. दुजोऱ्याने तो उचलून बंद केला. पलीकडून कुणीही घेतला नव्हता.

फोन कुणी घेतला नाही याचे दोन अर्थ होते, आणि त्यातला बरा अर्थ मास्तरांच्या मनात येईचना.

दुजोऱ्याने गाडी काढली. प्रोग्रामवालीने विचारलं नाही की मी येऊ का, हातात उचलून न्यायचं पट्टीचं यंत्र घेऊन ती मागे बसली. वाटेत सिग्नलला मागच्याने हॉर्न दिला तेव्हा मास्तर काच खाली करून ओरडले, ‘‘वाजवू नका हो!’’ घर अजून दोन रस्ते लांब होतं.

दाराची बेल वाजवायची नाही, हे जिन्यात एकमेकांना खुणेने सांगून झालं. मास्तरांनी किल्लीने दार उघडायला घेतलं, पण किल्ली भोकाभोवती फिरत राहिली. शेवटी दुजोऱ्याने ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

मास्तरीणबाई स्वयंपाकघरात छोटीचे कपडे पिळत होत्या. ‘‘अगंबाई! एवढ्या लवकर? आणि ही मंडळी...’’

‘‘ती कुठाय?’’

‘‘झोपलीय. ओरडू नका. आत्ता कुठे डोळा लागलाय. मगाशी फोन वाजला तेव्हा दचकून उठली, डोळ्यापुढे अंधार आला म्हणाली. मी छोटीला धूत होते, घ्यायला गेले तर बंद झाला. कोण मेला फोन करून मधेच ठेवतो...’’

‘‘गोळ्या?’’

‘‘दिल्या की. उलटीची परत दिली, उलटलीच होती म्हणून. तुम्हीच म्हणालात ना?’’

मास्तरांनी भिंत धरली. या भिंतीवर काही टांगलेलं नव्हतं.

लेक जागी झाली ती छातीवर गार काहीतरी लागलं म्हणून. डोळे उघडून तिने तीन चेहरे बघितले, छातीला चिकटवलेल्या वायरी बघितल्या, आणि आजारी आवाजात म्हणाली, ‘‘बाबा, ऑफिस घरी आणलंत?’’

‘‘हो गं. जरा पडून राहा. हलू नकोस.’’

‘‘आणि या मावशींना कशाला? माझं सुंदर ध्यान बघायला?’’

‘‘गप पड, नाटके,’’ मास्तर सवयीने म्हणाले, आणि सुटलेली वायर नीट करायला वाकले.

यंत्रातून पट्टी यायला लागली. मास्तरांनी ती धरली नाही. ती वीत वीत करत दुजोऱ्याच्या हातात उतरली. मोजायची गरजच पडली नाही. त्यांच्या भिंतीवरचीच टेकडी होती, तीच मधली दब, फक्त ती टेकडी सुटून, पसरून पुढच्या ठोक्याच्या अंगावर जाऊन पडली होती. पाहुणा अजून दारात उभा होता आणि दुसरा जिना चढून वर आला होता. मधेच एक ठोका वेडावाकडा पडला, विणताना टाका सुटावा तसा.

‘‘अजून एक,’’ दुजोरा पुटपुटली.

प्रोग्रामवाली जिन्यात जाऊन हळू आवाजात अॅम्ब्युलन्सशी बोलत होती. औषधांची नावं, किती वेळा, बाळंतीण, वडिलांची पट्टी. मास्तरीणबाई दारात ओल्या हातांनी उभ्या होत्या. ‘‘काय झालंय? अहो, कुणी सांगेल का काय झालंय?’’

‘‘माझं झालंय,’’ मास्तर म्हणाले. ‘‘माझं तिला गेलंय.’’

अॅम्ब्युलन्स आली. मास्तर ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन हात जोडून उभे राहिले. ‘‘भोंगा वाजवू नका. कृपा करा.’’

‘‘मग लोक बाजूला कसे होणार, काका?’’

‘‘दिवा लावा. हात दाखवा. मी दार उघडून ओरडतो हवं तर. पण भोंगा नको. तिने दचकायचं नाहीये.’’

ड्रायव्हरने असा पेशंट आधी बघितला नव्हता, पण त्याने भोंग्याला हात लावला नाही. लाल दिवा फिरवत, खिडकीतून हात हलवत, ती गाडी चोरासारखी हॉस्पिटलात शिरली. लेकीचे डोळे मिटलेले होते. छोटी घरी, दुजोऱ्याच्या मांडीवर.

अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरीणबाई चटपटीत होत्या. त्यांनी पट्टी बघितली, एकदा मास्तरांकडे बघितलं, आणि शिरेतून औषध चालू करायला सांगितलं. ‘‘क्षार भरतोय, ती दोन औषधं बंद. शरीरातून उतरायला वेळ लागेल. तोवर हिला शांत ठेवायचं.’’

नर्सला हे सांगेसांगेपर्यंत पलीकडच्या खाटेशी कुणाच्या तरी कोपराचा धक्का लागला आणि स्टीलचा ट्रे फरशीवर पडला.

तो आवाज मास्तरांच्या कानात अजून आहे. लेकीने डोळे टक्क उघडले. डोक्यावरच्या पडद्यावर टोकं आणि टेकड्या चालत होत्या, त्या अचानक एकमेकींत मिसळल्या. मग रेघ पीळ घालायला लागली. मोठी होत, बारीक होत, पुन्हा मोठी, दोरी वळावी तशी स्वतःभोवतीच फिरत गेली. मास्तरांनी हे चित्र पुस्तकात हजारदा बघितलं होतं, शिकवलं होतं, फळ्यावर काढलं होतं. जिवंत माणसाच्या डोक्यावर कधी बघितलं नव्हतं. ते होऊ नये म्हणून तर आयुष्यभर टेकड्या मोजल्या, आणि ते झालं तेव्हा त्यांना इतकंच सुचलं की चित्र अगदी पुस्तकासारखं आहे.

लेकीचे डोळे पांढरे झाले. तोंड उघडं राहिलं.

‘‘बाजूला व्हा! हात काढा सगळ्यांनी!’’

विजेचा झटका बसला आणि तिचं शरीर खाटेवरून उसळलं. मास्तरीणबाईंच्या तोंडून जो आवाज निघाला तो मास्तरांनी तीसपस्तीस वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता. पडद्यावर सपाट रेघ आली. मास्तर त्या सपाट रेघेकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे बघायची ताकद नव्हती. रेघ सपाटच होती. मग एक टोक. एक टेकडी. पुन्हा टोक. कुणीतरी श्वास सोडला, बहुधा नर्सने.

‘‘आली,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. इतकं साधं, जसं कुणी स्टेशनवरून घरी आलं.

मास्तर जमिनीवरच बसले, ट्रेमधून सांडलेल्या कापसाच्या बोळ्यांत, आणि ते उठेपर्यंत त्यांना कुणी उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक उशाला टेकून बसली होती. छातीवर भाजल्याचा लालसर चट्टा, हाताला नळी, चेहरा उतरलेला, पण डोळे तिचे होते. पडद्यावरची टेकडी आखडली होती, अजून हवी तितकी नाही, पण पाहुणा जिना उतरायला लागला होता. डॉक्टरीणबाईंनी मास्तरांचीही पट्टी काढून घेतली होती, आणि कुठली औषधं आता जन्मात घ्यायची नाहीत हे त्यांना शाळकरी पोराला सांगावं तसं दोनदा सांगितलं होतं. मास्तरांनी दोन्ही वेळा मान हलवली होती.

ते खाटेशी स्टूल ओढून बसले. रात्रभर त्यांनी वाक्यं जुळवली होती, पैकी एकही जाग्यावर सापडेना.

‘‘तुला हे माझ्याकडून आलंय,’’ शेवटी ते म्हणाले. ‘‘मला दिसायला हवं होतं. दिसत होतं. वीस वर्षं समोर होतं. आणि ती औषधं मीच...’’

‘‘आईने सांगितलं.’’

‘‘आणि लहानपणी पडलीस ना दोनदा, तेही खरंच होतं. तू काही सोंग करत नव्हतीस.’’

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. मास्तरांना वाटलं आता रडेल, किंवा आता बोलेल, आणि दोन्हींसाठी ते तयार होते.

‘‘दोन्ही वेळेला मला वाटलं होतं मी मेले,’’ ती म्हणाली. ‘‘शुद्धीवर आले तेव्हा तुम्ही सगळे हसत होतात.’’

मास्तरांनी स्टूलच्या कडेला नख लावलं आणि सोलायला सुरुवात केली.

बाहेर व्हरांड्यात छोटीचं रडणं ऐकू आलं. दुजोरा तिला घेऊन आली होती, मास्तरीणबाई तिला ‘अगं, आण इकडे’ म्हणत होत्या. लेकीने दाराकडे बघितलं, आणि मास्तरांना तिच्या चेहऱ्यावर तो प्रश्न उमटताना दिसला. तोच प्रश्न त्यांनी स्वतः रात्रभर चाळून बघितला होता आणि पुन्हा झाकून ठेवला होता.

‘‘आणि छोटी?’’

‘‘निम्मं,’’ मास्तर म्हणाले. ‘‘निम्मी शक्यता. तिचीही पट्टी काढायचीय. डॉक्टरीणबाई आज काढू म्हणाल्यात. तुझी परवानगी हवीय.’’

‘‘दुखतं तिला?’’

‘‘नाही. गार लागेल जरा.’’

‘‘मग काढा.’’

मास्तर उठले. लेकीने नळी लावलेल्या हाताने त्यांची बाही धरली. हातात जोर नव्हता, तरी ते थांबले.

‘‘पण बाबा,’’ ती म्हणाली, ‘‘तुम्ही मोजायचं नाही.’’

‘‘बरं,’’ मास्तर म्हणाले, आणि छोटीला आत आणायला बाहेर गेले.